कानाने सरळ केलेलं चाक

भाद्रपदातला चिखल वाळतो, रस्त्यातले खड्डे स्वच्छ दिसायला लागतात आणि मिरजेत गाड्या धुण्याचे दिवस येतात. नवरात्रात संध्याकाळी गल्लीभर पाण्याच्या नळ्या बाहेर पडतात. झेंडूचा भाव चढतो. वर्षभर लाथा खाऊन चालू होणाऱ्या गाडीला एक दिवस, दसऱ्याला, हळदकुंकू लागतं, हार मिळतो. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या घरी जे हत्यार, ते पाटावर येतं. सुताराकडे रंधे, शिंप्याकडे कात्र्या, वकिलाकडे पुस्तकं. आमच्या पाटावर पान्यांच्या रांगेत अगदी टोकाला एक लहानसा पाना असतो, तळहातात मावणारा, कडेला खाचा असलेला. स्पोकचा पाना. त्याने साधा नटही सुटत नाही. चाकातल्या तारांना रिंगेशी धरून ठेवणारी निप्पलं फिरवायची, एवढंच त्याचं काम. पूजेला त्याचा नंबर शेवटचा असला तरी त्याचं काम खंडेनवमीच्या आधीच उरकलेलं असतं. आऊट आलेल्या चाकाच्या गाडीला हार घालायला माझं मन घेत नाही.

लहानपणी ज्याने सायकल चालवली आहे त्याला चाक आऊट होणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चाक फिरताना रिंग डावीकडे-उजवीकडे डुलते, ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासते, ‘खस्... खस्...’ असा ठेका धरते. मोटरसायकलचं चाक त्या मानाने मुकाट असतं. जाड टायर पुष्कळसं गिळून टाकतो. हँडल सोडून पाहावं इतकी मोकळी सडक मिळाली तर किंवा विशिष्ट वेगाला मुठींमध्ये एक बारीक थरथर उमटली तरच संशय येतो. माझी गाडी ऐंशीच्या दशकातली बुलेट. १९५५ साली मद्रासला ही गाडी जुळवायला सुरुवात झाली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी मिटली, पण इथला कारखाना तीच गाडी करत राहिला. तिला १९ इंची चाकं, प्रत्येक चाकात ४० तारा. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची नोंद या चाळीसजणी ठेवतात. पावसाळा संपला की ती वही उघडून बसायची माझी हौस.

काम घरी करण्यासारखं आहे. मोठी अवजारं लागत नाहीत, फक्त दुपार रिकामी लागते. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होतं. फोर्कच्या तळाच्या टोप्या सोडल्या की चाक खाली उतरतं. टायर, ट्यूब आणि आतली रबरी पट्टी काढून नुसतं चाक मोकळं करायचं. टायर न काढताही आऊट निघतो, पण तारा आवळताना एखादीचं टोक निप्पलातून वर येऊन ट्यूबला भोक पाडू शकतं. शिवाय टायरच्या फुगीर अंगाने रिंग झाकलेली असते, तिचं खरं दुखणं दिसत नाही. आदल्या रात्रीच चाळीस निप्पलांच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब सोडून ठेवायचा. गंजलेलं निप्पल जबरदस्तीने फिरवलं तर निप्पल जागचं हलत नाही, त्याच्यासोबत तारच पिळवटते. रात्रभरात तेल आट्यांमध्ये उतरतं. घाई असलेल्या माणसाने या कामात पडू नये, हे हा थेंबच आधी सांगून टाकतो.

सकाळी नागवं चाक पुन्हा फोर्कमध्ये बसवायचं. फोर्कच्या एका पायाला जुन्या ट्यूबच्या पट्टीने एक पेन्सिल बांधायची, तिचं टोक रिंगेच्या कडेपासून केसभर दूर. झालं यंत्र. आता चाक बोटाने हळूच फिरवायचं. फटीतून पलीकडचा उजेड दिसतो, रुंदावतो, अरुंद होतो, एका जागी पुरता बुजतो आणि पेन्सिल टोचते. तिथे खडूने खूण. दुसरी पेन्सिल रिंगेच्या बाहेरच्या घेरासमोर धरली की वर-खाली होणारी उडी कळते. म्हणजे आऊट दोन जातींचा, एक बाजूला झुकण्याचा, दुसरा उसळण्याचा. आधी उडी काढायची, मग झुकाव, कारण उडी काढताना झुकाव हमखास बिघडतो. उलट क्रमाने गेलं तर केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

नियम ऐकायला सोपे आहेत. हबच्या डाव्या अंगाला वीस तारा, उजव्या अंगाला वीस. डाव्या अंगाची तार रिंगेला डावीकडे ओढते, उजवीकडची उजवीकडे. रिंग उजवीकडे झुकली असेल तर त्या जागची डावी तार आवळायची आणि शेजारची उजवी तेवढीच सैल करायची. रिंग बाहेर फुगली असेल तर त्या जागच्या दोन्हीकडच्या तारा आवळायच्या, आत बसली असेल तर दोन्हीकडच्या सैल करायच्या. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. टायर बसतो त्या बाहेरच्या अंगाने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचं. हबकडून पाहिलं तर नेमकं उलट. त्यात माझ्या गाडीच्या पुढच्या हबला एका अंगाला ब्रेकचा मोठा ड्रम, दुसऱ्या अंगाला लहान घेर. त्यामुळे ड्रमकडच्या तारा आखूड आणि पलीकडच्या लांब. दोन्ही अंगं सारखी वागत नाहीत. आखूड तारेला पाव फेऱ्यात जेवढा फरक पडतो, लांब तारेला तेवढा पडत नाही.

आपण एवढ्याशा तारा फिरवतो आहोत आणि या तारांवर दोन माणसं आणि मणभराहून कितीतरी जास्त लोखंड जाणार आहे, याचं मला दरवेळी नव्याने नवल वाटतं. एक सुटी तार जमिनीवर उभी धरून वरून तळहाताने दाबली तर ती लगेच वाकते. बैलगाडीच्या चाकाचं तसं नव्हतं. तिथले आरे लाकडाचे, मनगटाएवढे. लोहार लोखंडी धाव भट्टीत लालबुंद करून चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. वाफेचा लोट उठायचा, धाव आकसायची आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट रुतायचे. गाडीत भरलेला ऊस तळाच्या आऱ्यावर उभा राहायचा. आरा वजन खालून पेलायचा, म्हणून त्याला जाडी लागायची. तारेला पेलणं जमत नाही, तिला फक्त ओढता येतं. नुसत्या ओढीवर चाक उभं करता येईल हे जॉर्ज केली या इंग्रजाने १८०८ च्या सुमारास कागदावर मांडलं. त्याला रस्त्यावरची गाडी करायची नव्हती. तो उडणाऱ्या यंत्राच्या मागे होता आणि त्याला हलकं चाक हवं होतं. विमान आकाशात जायला पुढे शंभरेक वर्षं लागली, पण ते चाक मधल्या काळात सायकलीने उचललं. १८७० च्या दशकात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबच्या केंद्रातून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना ओलांडत जाणाऱ्या बसवल्या. १८७४ चं त्याचं पेटंट आहे. तिरप्या का, ते पुढचा ब्रेक दाबला की कळतं. हब थांबू पाहतो, रिंग पुढे धावू पाहते. सरळ तारा अशा वेळी नुसत्या मुरगळल्या असत्या. तिरप्या तारांतली अर्धी फौज तो ओढा अंगावर घेते. बुलेटच्या चाकात आजही तारांची जी जाळी दिसते तिचं मूळ तिथे आहे.

उभ्या गाडीच्या चाकात वजन कुठे जातं हा प्रश्न मी पुष्कळांना विचारून पाहिला आहे. निम्मे लोक म्हणतात, हब वरच्या तारांना लटकलेला असतो. पटण्यासारखं उत्तर आहे. पण मोजून पाहणाऱ्यांना वेगळंच आढळलं. चाकावर वजन आलं की वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाही. तळाच्या मोजक्या तारांचा ताण तेवढा उतरतो. त्या जमिनीकडे कमी ओढतात, आणि ओढ कमी होणं हाच त्यांचा आधार. म्हणजे आधीपासून भरपूर ताणलेली असेल तरच तारेकडे कमी करायला काही शिल्लक राहतं. सैल तार तळाला आली की तिच्याकडे द्यायला काहीच नसतं. तिचं ओझं शेजारणीवर जातं. चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर धरला, तर मिरजेहून कोल्हापूरपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये प्रत्येक तार पंचवीस हजार वेळा तळाला येते, सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. तार तुटते ती अशा हेलपाट्यांनी. ती बहुतेक वेळा मधोमध तुटत नाही. हबच्या भोकात जिथे तिला कोपर असतं तिथे तुटते, आणि जी जास्त आवळलेली होती तीच तुटेल असंही नाही. सैल राहिलेलीला दर फेऱ्याला आचके बसतात, तीही जाते.

इथवर सगळं डोळ्यांचं काम. पेन्सिल, फट, खडू, पाव फेरा. पेन्सिलीच्या टोकाशी नजर रोवून बसलेला माणूस तासाभरात चाक दिसायला सरळ करू शकतो, आणि बहुतेक जण तिथेच उठतात. मला त्यापुढचं दाखवलं ते सायकलचं छोटंसं दुकान चालवणाऱ्या एका चाचांनी. त्यांच्या दुकानात चाक तपासायचा स्टँड म्हणजे सायकलचा जुना फोर्क उलटा करून लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेला. चाचा चाक त्यात अडकवत आणि फिरवून बघायच्या आधी डोळे दुसरीकडे करून पान्याच्या दांडीने एकेका तारेला टिचकी मारत. ‘टंग, टंग, टंग, टुंग.’ टुंग आलं की थांबत. मी आपला रिंगेकडे बघत बसलेलो. ते म्हणाले, “दादा, रिंगेकडं काय बघताय? तिच्या हातात काय न्हाई. तारा ओढतील तशी ती राहती. तारा सारख्या करा, रिंग आपोआप येती.”

मिरजेत राहणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकल्यावर सतारमेकर गल्ली आठवली नाही तरच नवल. तारा ताणायचं या गावाचं वेड जुनं. शस्त्रं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक एकोणिसाव्या शतकात इथे सतारी-तंबोरे करू लागले. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना ख्वाजा शमनामीरांच्या दर्ग्याच्या आवारातच ठेवलं, आणि तिथल्या उरुसात गवई आजही गायला येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या गल्लीत कधीही जा, कोणीतरी तंबोरा जुळवत बसलेला असतो. जुळवणं म्हणजे काय ते पाहत उभं राहावं. पंचम लावला, जोड लावली, खर्ज लावला, आणि पुन्हा पंचमावर आला तर पंचम उतरलेला. खुंट्या घट्ट आहेत, कोणी हात लावलेला नाही. पण बाकीच्या तारा ताणल्या गेल्या तशी दांडी केसभर कलली, घोडीवरचा दाब बदलला, आणि आधी जुळलेली तार आता जुळलेली राहिली नाही. मग पुन्हा फेरी. प्रत्येक फेरीत फरक कमी होत जातो. एक क्षण असा येतो की चारही तारा एकमेकींना मान्य होतात. चाचा चाकाशी नेमकं हेच करत होते, फक्त चाळीस तारांनिशी.

आणि याला पदार्थविज्ञानाचा पक्का आधार आहे. ताणलेल्या तारेचा स्वर तिच्या लांबीवर, वजनावर आणि ताणाच्या वर्गमुळावर ठरतो. स्वर एका सप्तकाने चढवायचा तर ताण चौपट करावा लागतो. उलट बाजूने पाहिलं तर स्वर अर्ध्या सुराने, म्हणजे शुद्ध गंधारावरून शुद्ध मध्यमावर जायला लागतो तेवढाच, चढला असेल, तर ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेला असतो. चाकाच्या तारा जाड असल्याने हिशेब अगदी काटेकोर जुळत नाही, पण ढोबळमानाने तो खरा आहे. अर्ध्या सुराचा फरक तर गाणं न शिकलेल्या कानालाही कळतो. बोटांनी दाबून पाहिलं तर १२ टक्क्यांचा फरक कळणं अवघड. डोळ्यांना तो दिसतच नाही. तारेतला ताण मोजायला मीटर मिळतात, पण प्रत्येकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आधीपासून बसवलेलं असतं.

अट एकच, सारख्याची सारख्याशी तुलना. ड्रमकडच्या आखूड तारा मुळातच चढ्या स्वरात बोलणार, पलीकडच्या लांब तारा उतरत्या. त्यांचा आपसात सूर जुळवायला गेलं तर चाकाचा सत्यानाश. आखूड आखुडांशी मिळाव्यात, लांब लांबांशी. जिथे दोन तारा एकमेकींना चिकटून जातात तिथे टिचकी दबून येते. तिथे दोघींना बोटाने किंचित विलग करून ऐकायचं. अंगणात शांतता लागते. मी हे काम दुपारी करतो, जेवणं होऊन गल्ली आडवी झालेली असते तेव्हा. चाळीस टिचक्यांची फेरी ऐकली की चाकाचं सगळं वर्ष कळतं. कुठे तीन तारा ओळीने ढिल्या बोलतात. तो एखादा खड्डा असणार, रिंग तिथे आत बसली आणि तारांचा ताण गेला. कुठे एकच तार शेजारणींपेक्षा चढी किंचाळते. कोणीतरी तिच्या एकटीकडून काम करून घेतलं आहे.

ही एकटी किंचाळणारी तार मला नेहमी अडवते. ती जिथे असते तिथे रिंग बहुधा अगदी सरळ असते. पेन्सिलीला तिथे काही म्हणायचं नसतं. डोळ्यांच्या दृष्टीने काम झालेलं. कान सांगतात की ही सरळ रेषा कोणाच्या तरी जिवावर उभी आहे. बाकीच्या चार जणी निवांत आहेत म्हणून ही पाचवी ओढते आहे, आणि तिची तक्रार रिंगेवर कुठेही उमटत नाही. असं चाक घेऊन निघालं तर दोन-तीनशे किलोमीटर ते छान चालतं. मग एका खड्ड्यात ती तार तुटते आणि ज्या रिंगेला आपण सरळ म्हणत होतो ती एका झटक्यात तिच्या खऱ्या आकाराला जाते. त्या क्षणी चाक बिघडत नाही. ते आधीच वाकडं होतं, आता फक्त दिसू लागलं. चाकाचा सरळपणा रिंगेत नसतो, ओढीच्या वाटणीत असतो, हे चाचांचं म्हणणं मला त्यांच्या दुकानातल्या त्या टिचक्यांनी पटवलं. आणि ते घरातल्या, कचेरीतल्या, गावातल्या पुष्कळ सरळ दिसणाऱ्या गोष्टींकडे टिचकी मारून बघायची खोडही लावून गेलं. जिथे सगळं सुरळीत चाललेलं दिसतं तिथे कोण एकटं किंचाळतं आहे, ते ऐकू येईपर्यंत मला आता चैन पडत नाही.

या कामात एक पायरी अशी आहे की ती गाळायचा मोह सगळ्यांना होतो. चाक डोळ्यांना सरळ झालं, कानांनाही बरं वाटू लागलं, की पाना बाजूला ठेवून समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही हातांच्या मुठीत धरून जोराने आवळायच्या. हातमोजे घालून, साऱ्या चाकाभोवती. तारा ‘कट्, कट्’ अशा कुरकुरतात. निप्पल फिरवताना तारेत साठलेला पीळ सुटतो, हबच्या भोकात कोपर नीट बसतं, आणि जे ओढून-ताणून सरळ ठेवलेलं असतं ते आपली जागा सोडतं. म्हणूनच पाव फेरा द्यायचा तर पाना त्याच्या किंचित पुढे नेऊन तेवढाच मागे घ्यावा, म्हणजे पीळ साठत नाही. आता पुन्हा फिरवून पाहिलं तर पेन्सिल टोचू लागलेली असते. तासाभराच्या मेहनतीवर पाणी पडल्यासारखं वाटतं. पण हा आऊट रस्त्यावर निघणार होताच. आपण त्याला अंगणातच बोलतं केलं, इतकंच.

रिंगेचंही काही म्हणणं असतं. लोखंडी रिंग सरळ पट्टी वाकवून, टोकं जोडून केलेली असते, आणि त्या सांध्याशी एक बारीक उंचवटा राहतो. पेन्सिल दर फेऱ्याला तिथे नाक घासते. नवखा हात त्या उंचवट्याच्या मागे लागतो, आजूबाजूच्या तारा आवळत सुटतो आणि धडधाकट चाकाला दुखणं लावून ठेवतो. सांध्याला खडूची वेगळी खूण करावी आणि त्याला त्याच्या नाकासकट राहू द्यावं. दगडावर आपटून रिंगेच्या काठाला कोचा पडला असेल तर तोही तारांनी ओढून निघत नाही. तो निघाला असं दिसलं तर कुठेतरी कोणी किंचाळत असणार. अशी रिंग बदलावी. मोटरसायकलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये साधारण दोन मिलिमीटरपर्यंतचा आऊट चालतो असं म्हटलेलं असतं. घरच्या दुपारी मिलिमीटरच्या आत आणता येतो, चिकाटी असेल तर अर्ध्यावर. त्याच्या पुढे मी जात नाही. शून्य आऊट असलेलं चाक मी पाहिलेलं नाही, आणि शून्याच्या मागे लागलेला माणूस शेवटी तारांची वाटणी बिघडवतो हे मात्र पुष्कळदा पाहिलं आहे. थोडा आऊट, सगळ्यांचा सूर सारखा, हे चाक चांगलं.

हल्ली हे सगळं लोकांना उद्योग नसल्याचं लक्षण वाटतं. अलॉय चाकं आली, ट्यूबलेस टायर आले. अलॉय चाकाला तारा नाहीत, त्यामुळे आऊट काढायची कटकट नाही, पंक्चर झालं तरी हवा हळूहळू जाते. रोजच्या धावपळीला तेच बरं, यात वाद नाही. पण त्या चाकात कोणी ओढत नाही. सगळं एकाच ओतीव तुकड्याच्या कडकपणावर. मोठा आघात झाला तर ते वाकतं किंवा तडकतं, आणि गल्लीतल्या दुकानात त्यावर फारसा इलाज नसतो. तारांचं चाक दणका बसला की थोडं देतं, बदलतं, आऊट होतं आणि पुन्हा जुळवून घेता येतं. म्हणूनच दगडाधोंड्यांतून जायला केलेल्या गाड्यांनी तारा सोडल्या नाहीत. २०१६ साली आलेल्या हिमालयन या गाडीलाही ताराच दिल्या गेल्या. मिरजेतले चाचांचे शेजारी आता दिवसभर ट्यूबलेसला पॅच लावतात. चाचांचा उलटा फोर्क मात्र अजून त्या ओंडक्यात आहे, आणि शाळेला सुट्टी लागली की त्यात पोरांच्या सायकलींची चाकं फिरू लागतात.

यंदा नवरात्रात मी चाक घेऊन बसलो तेव्हा पुतणी येऊन पायरीवर बसली. ती गाणं शिकते. पान्याशी तिचा आजवर काही संबंध आलेला नाही. टिचक्यांची फेरी चालू असताना ती मध्येच म्हणाली, “काका, थांब. ती मगाचची परत वाजव.” मी मागची तार वाजवली. “ती नाही. तिच्या आधीची. ती उतरलीय.” मला ती ठीक वाटली होती. पेन्सिलीशी पाहिलं, रिंग तिथे चोख. फटीतला उजेड एकसारखा. मी तिला म्हणालो, इथे हात लावला तर हे सगळं सरळ झालेलं बिघडेल. तिने चाकाकडे पाहिलंही नाही. “मग बाकीच्या जास्त ओढत असतील ना? तूच तर म्हणालास.”

पाना तिच्या हातात दिला. कोणत्या दिशेला, तेवढं सांगितलं. तिने पाव फेरा दिला, टिचकी मारली, अजून थोडा दिला, पुन्हा मारली आणि तार शेजारणींच्या सुरात आली. चाक फिरवलं तर पेन्सिल टोचली, मी सांगितलं होतं तसंच. तिने पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि त्याच अंगाच्या बाकीच्या तारा वाजवायला घेतल्या. त्यातल्या दोन चढ्या निघाल्या. त्या उतरवल्या. मग पेन्सिल परत बांधून पाहिलं तर आऊट माझ्या आधीच्या चाकाहून कमी होता आणि एकही तार वेगळी बोलत नव्हती. “आता मागचं चाक काढ,” ती म्हणाली. मागच्या चाकाला चेन, स्प्रॉकेट, चिमटा, हजार भानगडी. ते काम उद्यावर ढकलायचा विचार होता. पण तेलाचे थेंब आज सोडले तरच उद्या निप्पलं फिरणार होती, तेव्हा मी तेलाची बाटली तिच्याकडे सरकवली आणि चाळीस मोजायला सांगितले.